न लागलेला एस

कारखान्यात तिला सगळे कटरताई म्हणत. एकोणीस वर्षं ती त्या लांबलचक टेबलापाशी उभी होती. डाव्या हातात तारेच्या जाळीचा हातमोजा, उजव्या हातात उभ्या पात्याचं यंत्र आणि समोर साठ-साठ कापडांचा थर. सगळ्यात वरच्या कापडावर खडूने आखलेली रेघ आणि सगळ्यात खालच्या कापडाची कड यांच्यात केसाचाही फरक पडता कामा नये, ही अट. ती तिच्यावर कुणी घातली नव्हती, तिची तिनेच घातलेली. शिलाईवाल्या म्हणायच्या, "ताईचं बंडल आलं की डोळे मिटून शिवावं." हे ऐकलं की ती "पुरे गं" म्हणायची, पण पूर्ण ऐकून घेतल्यावर म्हणायची.

म्हणूनच खिशाचं प्रकरण तिला फार लागलं.

डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांची मोठी ऑर्डर होती. ऑर्डरचा कागद नेहमीप्रमाणे इंग्रजीत आला. तो वाचून काम सांगायचं हे ऑफिसातल्या कारकुनाचं काम. त्याने कागदावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "ताई, खिसा चार इंच खाली घ्यायचाय." तिने घेतला. दोनशे चाळीस पुढचे भाग कापून, खिशाची खूण करून शिलाईला गेले. कोट तयार झाले तेव्हा खिसा चक्क मांडीपर्यंत आलेला. कुणीतरी म्हणालं, "पेन काढायला डॉक्टरला वाकावं लागणार," आणि सगळा मजला हसला. मॅनेजरसाहेब मात्र हसले नाहीत. सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तिने कारकुनाकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी कागदात होतं तेच सांगितलं."

त्या संध्याकाळी तिने तो कागद मागून घेतला, घडी करून पिशवीत टाकला आणि घरी सासऱ्यांसमोर ठेवला.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य छापखान्यात गेलेलं. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, उलट्या वाचायच्या. इंग्रजीची हजारो पानं त्यांच्या बोटांखालून गेली होती, पण शाळेत ते इंग्रजी सुरू व्हायच्या आधीच बाहेर पडलेले.

"बाबा, तुम्हाला हे वाचता येईल?"

"वाचता नाही येणार. जुळवता येईल." त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत एकेक अक्षर म्हणायला लागले. वुई, मग एम, ओ, व्ही, ई, डी. मग पॉकेट. तिथे ते थांबले आणि परत मागे गेले. "हे डीवालं आहे, सूनबाई."

"म्हणजे?"

"शाळेसाठीचं एक इंग्रजी व्याकरण होतं. समजावलेलं आपल्या भाषेत, म्हणून मला आठवतंय. तीन वेळा छापलं आम्ही ते. त्यात पानंच्या पानं नुसते रकाने. पहिल्या रकान्यावर लिहिलेलं वर्तमानकाळ, दुसऱ्यावर भूतकाळ, तिसऱ्यावर आणखी काहीतरी. मूव्ह पहिल्यात, मूव्ह्ड दुसऱ्यात. डी लागला की झालेलं काम. हे दुसऱ्या रकान्यातलं आहे."

ती कागदाकडे बघत राहिली. खिसा खाली घ्यायचा नव्हता. त्यांनी तो आधीच खाली घेतला होता. कागदी नमुन्यातच घेऊन पाठवला होता आणि तसं कळवलं होतं. खाली घेतलेला खिसा तिने आणखी खाली घेतला. एका डीपायी.

दुसऱ्या दिवशी तिने कारकुनाला गाठून हे सांगितलं. त्याने कागद पाहिला, कान खाजवला आणि म्हणाला, "असेल. एक डी तर आहे, ताई, एवढं काय? तुम्ही तुमची कात्री सांभाळा, कागदाचं आम्ही बघतो."

तिने कागद घडी करून परत पिशवीत टाकला. पण त्याच आठवड्यात फलकावर सूचना लागली. कटिंगचे प्रमुख निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी मजल्यावरच्याच कुणाला घ्यायचं, पण यापुढे ऑर्डरचा कागद प्रमुखाने स्वतः वाचायचा. त्यासाठी दोन महिन्यांनी साध्या इंग्रजी वाक्यांची परीक्षा. इतर विभागांतल्यांनाही बसता येईल, पास होणाऱ्यांचा बढतीच्या वेळी विचार होईल. खाली नावं लिहायला कोरी जागा होती. तिने सगळ्यात वर आपलं नाव लिहिलं, तेही असं दाबून की मागच्या पुठ्ठ्यावर उमटलं.

घरी नवरा आठवड्यातून एकदाच असे, तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. फोनवर म्हणाला, "या वयात परीक्षा? तुला काय कमी आहे?"

"कमी काही नाही," ती म्हणाली, "म्हणून तर बसतेय."

अभ्यास सुरू झाला तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, संध्याकाळी भाजी चिरून झाली की. तिने एक पातळसं जुनं व्याकरण विकत आणलं होतं. शब्दांचे अर्थ ती त्यातून काढायची आणि अक्षरं सासरे लावून द्यायचे. कारखान्यातून उरलेला तपकिरी कागद ती आणायची, त्यावर खडूने वाक्यं लिहायची. झालेल्याला पांढरा खडू, चाललेल्याला पिवळा, होणाऱ्याला निळा. शिंप्याचा खडू तिच्या बोटांत इतका मुरलेला की पेनापेक्षा त्यानेच अक्षर चांगलं यायचं.

पहिलं संकट क्रियापद ओळखण्याचं. आपल्या भाषेत ते बिचारं वाक्याच्या शेवटी उभं असतं, हात घातला की सापडतं. इंग्रजीत मधेच कुठेतरी घुसून बसलेलं. 'द ओल्ड मॅन ओपन्स द ब्लू डोअर.' सहा-सात शब्द, आणि सगळेच सारख्या चेहऱ्याचे.

"ह्यातलं कुठलं?" ती वैतागून म्हणाली.

सासरे म्हणाले, "माझ्या रकान्यांत डोअर कधी आलं नाही. ब्लूसुद्धा नाही. ओपन आलेलं."

"पण मला प्रत्येक शब्द काही तुमच्या रकान्यात शोधता येणार नाही ना, बाबा. परीक्षेला तुम्हाला पिशवीत घालून नेऊ का?"

"ने की. दोन रुमालांत मावतो मी."

ती हसली, पण डोकं चालूच होतं. मग तिने एक करून पाहिलं. वाक्याच्या आधी 'काल' असं म्हणायचं. मग तेच वाक्य 'उद्या' म्हणून. म्हातारा म्हणजे ओल्ड मॅन, तो कालही तोच, उद्याही तोच. दार निळंच. पण काल ओपन्ड, उद्या विल ओपन. सगळं वाक्य ढिम्म बसून राहतं आणि एकच जण कूस बदलतो. तोच तो.

"सापडला!" ती एवढ्या जोरात म्हणाली की सासऱ्यांच्या कपातला चहा बशीत आला.

त्यानंतर तिला तो नादच लागला. रस्त्यावरच्या पाट्या, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, साबणाच्या वेष्टणावरची ओळ, जे दिसेल त्याला काल-उद्या लावून बघायची. दुपारच्या सुट्टीत काज-बटण विभागातली तिची मैत्रीण शेजारी बसायची. तिनेही परीक्षेला नाव दिलेलं, पण धास्तावून. "ताई, मला ते तीन काळ म्हटलं की तीन नणंदा आठवतात," ती म्हणायची. ताई तिला डब्याच्या झाकणावर खडूने वाक्यं लिहून द्यायची. मैत्रीण चुकायची, परत करायची, परत चुकायची, पण उठायची नाही.

एके संध्याकाळी ती स्वतःच अडली. स्वतःच्याच शब्दावर. कट.

"आय कट द क्लॉथ," तिने लिहिलं. काल लावलं. पुस्तक म्हणालं, कट. आज लावलं. कट. "बाबा, हा हलतच नाही!"

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर अशी ओळख उमटली, जणू जुना मित्र दारात उभा राहिला. "कट, कट, कट. पुट, पुट, पुट. शट, हर्ट, लेट. ते पान! त्या पानाला माझ्या पेटीतले टी संपायचे. मालक ओरडायचे, आणि मी म्हणायचो, मालक, हे शब्द बदलत नाहीत त्याला मी काय करू? तिन्ही रकाने सारखे."

"मग काल कापलं की आज, हे कळायचं कसं?"

"ते आमच्या पानात नव्हतं," सासरे प्रामाणिकपणे म्हणाले.

तिला ते सहन होईना. एकोणीस वर्षं जे काम केलं त्याचाच शब्द असा तोंड मिटून बसलेला. दोन दिवस तिने तो मनात घोळवला. तिसऱ्या दिवशी टेबलापाशी थर लावताना शेजारणीने हाक मारली, "ताई, ती नवी मुलगी कापते का गं नीट?" आणि तिच्या हातातलं कापड तिथेच राहिलं. ती कापते. शी. 'शी'च्या पुढे चालू गोष्ट आली की एस लागतो. ओपन्स, वॉक्स, ड्राइव्ज. मग शी कट्स. आणि एस नसेल तर? तर कापून झालेलं आहे. 'आय'पाशी हा शब्द मुका, पण 'शी'पाशी त्याला बोलावंच लागतं. एस लावून, नाहीतर न लावून.

मैत्रिणीला तिने हे दुपारीच सांगितलं, डब्याच्या झाकणावर दोन वाक्यं लिहून, एकाला एस, एकाला नाही. मैत्रिणीने दोन्ही वाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे नाही तेच बघायचं?"

"नाही तेच बघायचं."

परीक्षा जेवणाच्या हॉलमध्ये झाली. टेबलं पुसून लांब लांब मांडलेली. प्रशिक्षण केंद्रातून एक तरुण मॅडम आल्या होत्या, इस्त्रीचा शर्ट, हातात सीलबंद लिफाफा. आठ जण बसले. वीस वाक्यं, प्रत्येकात क्रियापद अधोरेखित करायचं आणि बाजूला काळ लिहायचा, एकेकाला एक गुण. चाळीसपैकी वीस मिळाले की पास.

ती सावकाश करत गेली. तिसरं वाक्य होतं, 'ही ड्राइव्ज अ बस.' तिने नवऱ्याची आठवण काढून वर्तमान लिहिलं. सातव्याला विल होतं, ते तर आंधळ्यालाही दिसावं. आणि चौदाव्याला आली तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी आपल्यासाठीच मुद्दाम ठेवलंय. 'शी कट द क्लॉथ.' शब्दाच्या शेवटाशी तिने बोट ठेवलं. कटच्या पुढे काही नव्हतं, कोरी जागा. तिने लिहिलं, भूतकाळ. आणि खालची रेघ पट्टी न घेता मारली, तरी ती सरळच आली.

चार दिवसांनी यादी लागली. सगळ्यात वर तिचं नाव, चाळीसपैकी एकोणचाळीस. दुसऱ्या नंबराला एकतीस होते. मजल्यावर टाळ्या वाजल्या, कुणी खांदे थोपटले. मैत्रिणीच्या नावापुढे एकोणीस होते. एकाने गेलं. ती आपल्या यंत्राकडे वळली आणि काजं घालायला लागली.

दुपारी पेपर बघायला मिळणार होते. मॅडम ऑफिसात बसल्या होत्या, शेजारी मॅनेजरसाहेब. ताई गेली, पेपर उघडला, आणि चौदाव्या वाक्यावर लाल फुली बघून तिथेच थबकली.

"मॅडम, हे चुकलं कसं?"

मॅडमनी छापील उत्तरांचा कागद पाहिला. "तिथे वर्तमानकाळ पाहिजे. कट हे मूळ रूप आहे ना."

"नाही मॅडम. हा भूतकाळ आहे."

मॅनेजरसाहेब हसले. "अहो ताई, एकोणचाळीस मिळालेत. पहिल्या आलात. जागा तुमचीच. आता एका गुणासाठी कशाला?"

तिचे कान तापले. गुण कुणाला हवा होता? "साहेब," ती म्हणाली, "साठ कापडांतलं एक तिरकं कापलं, तर एकोणसाठ सरळ आहेत म्हणून तुम्ही मला कधी सोडलंत का?"

साहेब हसायचे थांबले. खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाने मान वर केली.

मॅडम जरा ताठ झाल्या. "हे बघा, उत्तरं केंद्रातून छापून येतात. आणि कट तिन्ही काळांत सारखंच असतं. तुम्ही कशावरून म्हणता भूतकाळ?"

"सारखंच असतं, 'आय' असेल तेव्हा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, इतका शांत होता. "आय कट असतं तर मी गप्प बसले असते. पण इथे शी आहे. तुमच्याच पेपरात तिसरं वाक्य बघा. ही ड्राइव्ज. तिथे एस लावलाय की नाही?"

मॅडमनी पान उलटलं. "लावलाय."

"मग इथे का नाही लावला? ती रोज कापत असती तर कट्स झालं असतं. एस नाही, म्हणजे तिचं कापून झालंय. शब्द बदलत नसेल, पण न लागलेला एस सांगतोय ना."

बाहेर यंत्रांची घरघर चालू होती. मॅडमनी ते चार शब्द परत वाचले, ओठ हलवत. मग हातातल्या पेनाने कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं, बहुतेक एस लावून पाहिला. त्यांच्या गालावर हळूहळू लाली चढली.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "कागद केंद्राचा आहे, पण तपासताना मी विचार करायला हवा होता. केला नाही. सॉरी."

हे म्हणायला जड गेलं असणार, पण त्यांनी ते नजर न चुकवता म्हटलं, आणि ताईला त्या एकदम आवडून गेल्या. मॅडमनी फुली खोडली, बाजूला खूण केली, एकोणचाळीसचे चाळीस केले आणि सही केली. "हे वाक्य मला सगळ्यांच्याच पेपरात परत तपासावं लागेल," त्या म्हणाल्या आणि गठ्ठा पुढे ओढला.

तेव्हा कुठे ताईच्या डोक्यात उजेड पडला. ती दारातच थांबली. मॅडमनी दोन पेपर बाजूला ठेवले, तिसरा उघडला, चौथा. काहींनी वर्तमान लिहिलेलं, काहींनी जागा कोरी सोडलेली. पाचव्याला त्या थांबल्या. "हिनेही भूतकाळ लिहिलाय. आणि कटच्या शेजारी छोटंसं काहीतरी लिहून खोडलंय." त्यांनी पेपर तिरका धरला. "'एस नाही' असं लिहिलंय."

ताईला नाव विचारायची गरज पडली नाही. ती पळत सुटली. एकोणीस वर्षांत कटिंगच्या मजल्यावर ती कधी पळाली नव्हती, धारदार पात्यांच्या जागी पळायचं नाही हा नियम ती इतरांना सांगायची. मैत्रीण यंत्रावर वाकलेली होती.

"वीस!" ताई म्हणाली.

"काय वीस?"

"तुझे वीस झाले. पास आहेस तू."

मैत्रिणीने यंत्र थांबवलं. आधी तिला वाटलं, ताई समजूत काढतेय. मग तिने ताईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, दोन्ही हात तोंडावर नेले आणि बोटांच्या फटींतून म्हणाली, "मी काही केलं नाही गं, मी नुसतं नाही तेच बघितलं."

संध्याकाळी घरी नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्या टोकाला ट्रक उभा असावा, कारण मागे इंजिनाचा आवाज नव्हता. शेवटी म्हणाला, "आणि साहेबांना तू असं म्हणालीस? तोंडावर?"

"म्हणाले."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि जरा वेळाने परत, "बरं झालं."

सासऱ्यांनी तिच्याकडून दोनदा ऐकलं. एकदा सरळ आणि एकदा मॅडमच्या लालीपाशी थांबून. मग उठून स्वच्छ सदरा घातला आणि दाढी करून येतो म्हणाले. दाढी त्यांनी सकाळीच केली होती. न्हाव्याचं दुकान चार घरांवर, पण परत यायला त्यांना दीड तास लागला. तोवर शेजारीण येऊन विचारून गेली होती, कोपऱ्यावरचा पेपरवाला दारातून "ताई, अभिनंदन!" म्हणून गेला होता, आणि खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी निरोप पाठवला होता की त्यांच्या नातीला जरा काळ समजावून द्याल का.

सासरे आले ते गालाला गुळगुळीत आणि छातीला दोन इंच मोठे होऊन.

"बाबा, काय काय सांगत फिरलात?"

"घडलं तेच," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "एक शब्द खोटा नाही. फक्त त्या मॅडमना जरा जास्त घाम फोडला."

"त्या चांगल्या होत्या हो."

"मग उद्या जाऊन तेवढा घाम पुसून येतो," सासरे म्हणाले. आणि तिने हसत हसत चहाचं आधण ठेवलं, तिघांचं, कारण जिन्यावर मैत्रिणीची चप्पल वाजायला लागली होती.